चंदरभाऊंचा पन्नासावा वाढदिवस

मी स्वभावाने तिरसट माणूस. कर्कश हॉर्न, निळे-जांभळे दिवे, सायलेन्सर कापून केलेली फटफट, यातलं काहीही समोर आलं की माझं डोकं फिरतं. तरीही नाशिकमध्ये स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करणाऱ्या वेड्यांचा जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्याचा अ‍ॅडमिन मीच. ग्रुपचं नाव 'हात काळे'. नियम एकच. गॅरेजचा रस्ता धरण्याआधी बॉनेट उघडायचं, हात काळे करायचे आणि मग विचारायचं. पोटासाठी मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात बसतो. माझी छोटी लाल गाडी सत्तावीस वर्षांची आहे आणि तिच्यात बिघडण्यासारखं जे जे आहे, ते मी एकदा तरी बिघडवलेलं आहे.

ही गोष्ट मात्र माझी नाही, सुलाबाई थेटे यांची आहे. मखमलाबादच्या पुढे थेटे वस्तीवर त्यांचा दोन एकर झेंडू आणि थोडा गुलाब आहे. आमच्या ग्रुपमध्ये त्या नव्हत्या. ग्रुपमध्ये होते त्यांचे यजमान, चंदरभाऊ. आणि चंदरभाऊ तीन वर्षांपूर्वी वारले होते. आम्हाला सोडून सगळ्या पंचक्रोशीला ते माहीत होतं.

ग्रुप सुरू झाला लॉकडाऊनमध्ये, आणि चंदरभाऊ पहिल्या वीस जणांतले. पण प्रत्यक्ष त्यांना कुणीच पाहिलं नव्हतं. आमचे मेळावे रविवारी असतात, आणि रविवारचा फुलबाजार सोडून गाड्या बघायला येणारा शेतकरी अजून जन्माला यायचाय. त्यांच्या व्हॅनचे फोटो मात्र सगळ्यांना पाठ होते. मागची सीट काढून तिथे बांबूच्या मांडण्या केलेल्या, त्यांवर ओलं गोणपाट, आणि छपराला पत्र्याचं एक नाक. व्हॅन धावू लागली की नाकातून वारा आत शिरायचा, गोणपाटावरून फिरायचा, आणि पंचवटीच्या फुलबाजारात पोचेपर्यंत झेंडू नुकता तोडल्यासारखा राहायचा. गाडीला मागे पंख लावून मिरवणाऱ्या पोरांनी ते नाक पाहिलं आणि दोन दिवस ग्रुपवर सामसूम झाली.

त्यांचे सल्लेही तसेच. अश्विन नावाचा आमचा एक उतावळा मेंबर आहे, अंबडला कारखान्यात कामाला जातो. त्याला स्प्रिंगा कापून गाडी पार जमिनीला टेकवायची होती. चंदरभाऊंकडून उत्तर आलं, "आधी नाशिकच्या गतिरोधकांना विचारून ये." चाकातून घरघर येते म्हणणाऱ्याला आलं, "मोकळ्या रस्त्यावर डावीकडे वळव. आवाज वाढला तर उजव्या चाकाचं बेअरिंग बघ. उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या. गाडी कुठं दुखतंय ते सांगते, आपण थांबून ऐकत नाही." यातलं कुठलं उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं होतं आणि कुठलं त्यांच्या मागे लिहिलं गेलं, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

दुपारी ग्रंथालयात कुणी नसतं. छताचा पंखा किरकिरत असतो, उन्हाचा चौकोन टेबलावरून सरकत जुन्या मासिकांवर जातो. अशा वेळी मी चंदरभाऊंची उत्तरं पुन्हा पुन्हा वाचायचो आणि वाचता वाचता डुलकी लागायची. डुलकीत ती व्हॅन कपाटांच्या मधल्या वाटेने हळूच निघून जायची. पेट्रोलचा आणि झेंडूचा मिसळलेला वास यायचा. डोळे उघडले तरी तो थोडा वेळ राहायचा. माझं लग्न झालेलं नाही, जवळचं म्हणावं असं फारसं कुणी नाही. न पाहिलेल्या या माणसाचा मला लळा लागला होता, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

पुढचं मला नंतर कळलं, खुद्द सुलाबाईंकडून.

चंदरभाऊ गेले ते कार्तिकात. बाजारातून परतताना छातीत कळ आली. त्यांनी व्हॅन नीट रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. तेरावं झालं, पाहुणे पांगले, लेक निकिता पुण्याला नोकरीवर परत गेली. चौदाव्या दिवशी दुपारी कोनाड्यातला त्यांचा फोन थरथरला. अश्विन त्र्यंबकच्या रस्त्यावर अडकला होता. क्लचचं पेडल खाली टेकलं ते वर येतच नव्हतं. त्याने लिहिलं होतं, "चंदरभाऊ, आहात का?"

सुलाबाई सातवी शिकलेल्या. प्रश्न त्यांनी दोनदा वाचला. नेमकं हेच त्यांच्या व्हॅनचं एकदा झालं होतं आणि तेव्हा उजेडासाठी बॅटरी त्यांनीच धरली होती. त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, "केबल तुटली असंल. इंजिन बंद कर. पहिला गियर टाक आणि मग सेल्फ मार. झटका दिऊन निघंल. थांबायचं तिथं बंद करायचं. हळू घरी जा." तासाभराने अश्विनचं उत्तर आलं, "पोचलो! चंदरभाऊ, शंभर वर्षं जगा!"

वस्तीवर, बाजारात, सोयऱ्यांत सगळे आता चंदरभाऊंबद्दल गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोलत होते. आणि इथे एक अनोळखी पोरगा त्यांना शंभर वर्षं देत होता. खरं काय ते लिहावं म्हणून सुलाबाईंनी बोट उचललं. पण त्यांना ते लिहवलं नाही.

त्यांचा निम्मा संसार चंदरभाऊंच्या पायांशी बोलण्यात गेला होता. चोवीस वर्षं ते व्हॅनखाली आणि सुलाबाई बाजूला हत्यारांची ताटली घेऊन बसलेल्या. खालून "चौदाचा पाना" असा आवाज आला की हातात चौदाचा पाना. निकिताचं लग्न कधी करायचं, विहिरीवर मोटर कुठली बसवायची, दिराशी बांधावरून काय बोलायचं, हे सगळं त्या दोन पायांना विचारून ठरलेलं. अंगठा हलायला लागला की माणूस खुशीत आहे. तळवे आक्रसले की बोल्ट अडलाय, आत्ता काही विचारू नये.

ग्रुपवर प्रश्न येतच राहिले. उत्तर ठाऊक नसलं की सुलाबाई फुलं तोडून झाल्यावर व्हॅनच्या सावलीत गोणपाट टाकून आडव्या व्हायच्या आणि डोळे मिटायच्या. उन्हात झेंडूचा उग्र वास दाटलेला असायचा, लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालू असायचा. हळूहळू व्हॅनखाली ते पाय दिसायला लागायचे. टाचांना भेगा, डाव्या अंगठ्याचं नख काळं. त्या प्रश्न सांगायच्या. अंगठा हलायचा आणि उत्तर यायचं. मग उठून त्या टाइप करायच्या.

आपण करतोय ते खरं नाही, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. पण ग्रुपला कळलं की चंदरभाऊ तिथूनही जाणार, आणि तिथून गेले की मग जगात कुठेच उरणार नाहीत, ही एकच भीती त्यांनी तीन वर्षं उराशी धरली होती.

आणि त्यांच्या या भीतीच्या दारात ढोल वाजवत जाण्याची अक्कल मला सुचली.

झालं असं की चंदरभाऊंनी फार पूर्वी एकदा लिहिलं होतं, "भोगीचा जन्म माझा. पन्नास पुरी झाली की त्या दिवशी व्हॅनचं इंजिन घरी उघडणार." जुने मेसेज चाळताना ते मला सापडलं, त्यांनी तेव्हा सांगितलेल्या वयासकट. हिशोब केला तर पन्नासावी भोगी दहा दिवसांवर होती. मी बारा जणांचा वेगळा ग्रुप काढला, भाऊंना कानोकान खबर लागू न देता. आता नाशकात एखाद्यावर जीव असला की काय करतात? फ्लेक्स लावतात. त्यांच्या प्रोफाइलचा फोटो मोठा करून घेतला, व्हॅनला टेकून हसणारा. खाली आम्हा बारा जणांची तोंडं गोल-गोल चौकटींत. वर मजकूर: "पान्याचे राजे, आमचे मार्गदर्शक चंदरभाऊ थेटे यांना ५० व्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!" मजकूर माझाच, आणि मला तो फार जमलाय असं वाटत होतं. भोगीच्या आदल्या संध्याकाळी फ्लेक्सवाल्याने तो थेटे वस्तीच्या फाट्यावर दोन बांबूंना बांधून दिला.

भोगीच्या सकाळी धुकं असं होतं की पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते. आमच्या बारा गाड्या एकामागे एक रांगत निघाल्या. मळे, विहिरी, द्राक्षांचे मांडव, सगळं पांढऱ्यात बुडालेलं. फाट्याजवळ आलो तर त्या पांढऱ्यातून आधी चंदरभाऊंचा चेहराच वर आला, भला मोठा, हसरा, खाली बांबू नाहीत की जमीन नाही. मी गाडी थांबवून बघतच राहिलो. मग खाली उभी माणसं दिसली. पंधरा-वीस जण, माना वर करून फ्लेक्सकडे बघत. गावकरी भारावलेत असा निष्कर्ष काढून मी शाल आणि नारळ घेऊन पुढे झालो.

मोटरसायकलच्या सीटवर चढून एक माणूस विळ्याने फ्लेक्सची दोरी कापायला निघाला होता. हा गेणू, चंदरभाऊंचा धाकटा भाऊ.

"कुनी लावला ह्यो बोर्ड?" त्याने वरूनच विचारलं.

"आम्ही," मी छाती काढून म्हणालो. "भाऊंना सरप्राइज आहे."

गेणू खाली उतरला. त्याचा चेहरा पाहून माझ्या हातातला नारळ जड झाला. "माझा भाऊ मरून तीन वरसं झाली. सणाच्या दिवशी थट्टा करायला आलात व्हय? लाज नाय वाटत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आधी वाटलं, माणूस आमची फिरकी घेतोय. मागून अश्विनचा आवाज आला, अगदी निरागस. "मग परवा मला हेड गॅस्केटचं कोण सांगत होतं?"

कुणी हसलं नाही. माणसं बाजूला झाली आणि पदरात पावट्याच्या शेंगा धरलेली एक बाई पुढे आली. भोगीच्या भाजीची तयारी अर्धवट टाकून आली होती. बोटं झेंडूने पिवळी झालेली, पण नखांच्या कडेला काळी रेघ होती. तशी रेघ माझ्याही नखांना आहे. साबणाने जात नाही.

"मी सांगत व्हते," सुलाबाई म्हणाल्या.

"वहिनी? तुमी?" गेणू म्हणाला. "दादाच्या नावानं?"

त्या वर फ्लेक्सकडे बघत होत्या. गेणूने पुन्हा विळा उचलला तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. "फाडू नका, भाऊजी. घरातल्या फोटोला हार हाय. रोज मीच गुंफते, मीच घालते. ह्यो एवढाच बिनहाराचा हाय. जरा बघू द्या मला."

गेणूने विळा खाली केला. तो रडायला लागला आणि मग वस्तीतल्या बायकाही.

त्या आम्हाला घरी घेऊन गेल्या. सणाला दारात आलेला माणूस तसाच परतवत नाहीत, म्हणाल्या. अंगणात ती व्हॅन उभी होती, छपरावरच्या पत्र्याच्या नाकावर दव साचलेलं. आम्ही भोवती बसलो. दुसऱ्याच्या घरी मान खाली घालून बसावं एवढी रीत मला आहे, पण राग आवरला नाही. तीन वर्षं मी ज्याच्यावर माया केली तो माणूस नव्हताच, हे मला झेपत नव्हतं.

"तुमच्या शब्दावर आम्ही ब्रेक उघडले आहेत, वहिनी," मी म्हणालो. "जिवाशी खेळ झाला असता."

"कुनाचे ब्रेक फेल झाले का?"

"नाही."

"मग?"

"पण ते भाऊंचे सल्ले नव्हते!"

त्यावर त्यांनी ते सगळं सांगितलं. चौदावा दिवस, गोणपाट, व्हॅनखालचे पाय. सांगता सांगता त्या थांबल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "पहिलं वरीस-दीड वरीस त्यांचंच असायचं सगळं. मग पाय कमी दिसायला लागले. गेल्या दिवाळीपासून नायच दिसत. लय वेळ पडून राहते, नुसती जमीन दिसती. तुमचे प्रश्न तर यायचेच. मग मी मोबाइलवर बघून बघून व्हॅनच्या इंजिनचं हेड उघडलं. दोनदा चुकीचं बसवलं. तिसऱ्यांदा बसलं."

"म्हणजे गॅस्केटचं..." अश्विनने विचारलं.

"माझंच." गुन्हा कबूल करावा तसं त्या बोलल्या. "ते नायच हायेत आता, मला ठाऊक हाय. पन तुमी चंदरभाऊ, चंदरभाऊ म्हनायचे. वाटायचं, निदान तिथं तरी हायेत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला स्वतःची शरम वाटली, आणि त्या फ्लेक्सवर खाली गोल चौकटीत हसणाऱ्या माझ्या तोंडाची तर फारच. आमच्यातल्या एकाने तेवढ्यात फोन काढून ग्रुपसाठी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायला घेतली होती. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"वहिनी, ऐका," मी म्हणालो. "इथे आम्ही बारा जण आहोत. ग्रुपवर एकशे चाळीस आहेत. आम्ही कुणाला काही सांगणार नाही. भाऊ तिथे आहेत तसे राहू देत."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी ते मनापासून म्हणालो होतो, आणि थोडं स्वतःसाठीही.

आत चुलीवर तीळ भाजल्याचा वास येत होता. धुकं शेतावरून उचलत होतं आणि झेंडू एकेका ओळीने दिसायला लागला होता. सुलाबाईंनी शेवटची शेंग सोलली, दाणे परातीत टाकले.

"नको," त्या म्हणाल्या. "गॅस्केट त्यांना येत नव्हतं. न येणारं काम येतं म्हनून सांगितलेलं त्यांना कधी खपलं नाय. मी त्यांच्या नावावर खपवलं, ते बरं नाय केलं."

मग त्यांनी भाऊंचा फोन घेतला आणि टाइप करायला बसल्या. खूप वेळ लागला. आमच्या बारा फोनवर ते एकाच वेळी आलं: "मी सुला चंदर थेटे. चंदर थेटे तीन वर्षांपूर्वी वारले. तुम्हाला सांगितलं नाही, माझी चूक झाली. गाडीचं काही अडलं तर मला विचारा. मला येतं."

मग सुरू झालं. हात जोडलेले, मेणबत्त्या, ओम शांती, भावपूर्ण श्रद्धांजली, एकामागून एक, तीन वर्षांची बाकी एकदम. सुलाबाईंनी फोन व्हॅनच्या पायरीवर पालथा ठेवला. तो पत्र्यावर थरथरत राहिला. त्यांना ज्याची भीती होती ते नेमकं हेच होतं, आणि ते आम्ही त्यांच्या दारात आणून ठेवलं होतं. मी ग्रुप बंदच करणार होतो.

तेवढ्यात त्या सगळ्या मेणबत्त्यांच्या मधोमध नांदगावच्या चिमाजींचा मेसेज आला. हे गृहस्थ कांद्याच्या व्यापारात आहेत आणि त्यांना कुठे काय बोलावं ते कधीच कळत नाही. "सुलाताई, वाचून वाईट वाटलं. पण माझी जीप बाजाराच्या गेटमध्येच बंद पडली आहे. सेल्फ नुसता टक टक करतो. मागे ट्रॅक्टर थांबले आहेत, लोक शिव्या देत आहेत. काय करू?"

"याला आत्ताच्या आत्ता ग्रुपमधून काढतो," मी ओरडलो. "काही जनाची नाही तर मनाची!"

सुलाबाईंनी माझं मनगट धरलं. पकड पान्यावरची होती. "थांबा. त्याची गाडी अडलीय."

त्यांनी फोन उचलला. डोळे मिटले नाहीत, कुठे आडव्याही झाल्या नाहीत. सरळ लिहिलं, "पुढचे दिवे लावून बघा. मंद आहेत का?"

"मंद आहेत."

"बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी?"

"ढीगभर."

"चहावाल्याकडून गरम पाणी घ्या. चावी बंद करून टोकांवर ओता. पुसून कोरडं करा, आवळून बांधा. मग सेल्फ मारा."

आम्ही सगळे त्या फोनभोवती वाकलो होतो, गेणूसुद्धा. त्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तो श्वास रोखून उभा होता. दहा मिनिटं गेली असतील.

"चालू झाली, सुलाताई!"

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग तोंडावर पदर धरला आणि रडल्या, आवाज न करता, बराच वेळ. रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, परात आत नेऊन ठेवली आणि फाट्याकडे चालू लागल्या. आम्ही मागोमाग.

ऊन पडलं होतं. चंदरभाऊ व्हॅनला टेकून हसत होते आणि आता खाली बांबूही स्पष्ट दिसत होते. सुलाबाई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"भाऊजी," त्या गेणूला म्हणाल्या, "आता उतरवा त्यांना. हळू."

गेणूने विळा गवतात टाकला, मोटरसायकलच्या सीटवर चढला आणि बोटांनी एकेक गाठ सोडवायला लागला. सुलाबाईंनी खालचं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं, जमिनीला लागू नये म्हणून.